खुरपीबाई आणि 'ॲन्युअल'

कंपनीच्या मुख्य कचेरीपुढची बाग चोवीस वर्षं सांभाळणाऱ्या माळीणबाईंना सगळे खुरपीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. हातात खुरपं असायचंच, पण नाव पडलं ते जिभेमुळे. एकदा एका संचालकांनी वाफ्यात सिगारेट विझवली, तर बाईंनी ते थोटूक उचलून त्यांच्याच कोटाच्या खिशात घातलं. वर म्हणाल्या, "तुमचं पडलं होतं."

इंग्रजी त्यांना येत नव्हतं. एकच शब्द ओळखीचा, तोही चेहऱ्यावरून. बियांच्या काही पाकिटांवर 'ॲन्युअल' छापलेलं असे, आणि तो शब्द ज्या पाकिटावर, त्यातली झाडं एका बहरात फुलून, बी धरून, माना टाकायची. बाईंच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ पक्का होता: वर्षाच्या आत गचकणारं.

मग नवे प्रशासन अधिकारी आले. शर्टाला चुणी पडेल म्हणून हे गृहस्थ खुर्चीला पाठसुद्धा टेकत नसत, त्यामुळे आठवड्याभरात त्यांचे इस्त्रीसाहेब झाले. इंग्रजीत एम.ए. होते आणि ते कोणाला विसरू देत नसत. एका सकाळी ते रंगीत कॅटलॉग घेऊन बागेत उतरले.

"हे म्हातारे गुलाब उपटा. सगळीकडे ॲन्युअल लावा. एकदा लावलं की दरवर्षी आपोआप येतं. कटकट नाही."

"साहेब, ते मरतं," बाई म्हणाल्या.

"अहो, ॲन्युअल म्हणजे वार्षिक. वार्षिक सभा दरवर्षी होते की नाही?"

"सभेचं मला माहीत नाही. झाड मरतं."

"बाई, मी इंग्रजीत एम.ए. आहे."

"झाड नाहीये ना," बाई म्हणाल्या आणि खुरपं घेऊन कामाला लागल्या. हुकूम तो हुकूम. गुलाब मात्र त्यांनी कचऱ्यात जाऊ दिले नाहीत. मुळाशी मातीचा गोळा ठेवून, गोणपाटात गुंडाळून ते टायपिस्ट बायकांना वाटून टाकले.

फुलं आली तेव्हा कचेरी बघत राहिली. लाल, जांभळी, पिवळी, नुसता कल्लोळ. इस्त्रीसाहेबांनी वाफ्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतला. पुढे ऊन तापलं, बहर सरला आणि वाफ्यांत वाळक्या काड्या उरल्या. बाईंनी त्या उपटायला घेतल्या, तर साहेब धावत आले.

"हात लावू नका! झोपलीत ती."

त्या दिवसापासून साहेब रोज सकाळी झारी घेऊन काड्यांना पाणी घालू लागले. अख्खी कचेरी काचेला नाक लावून बघायची. बाविसाव्या दिवशी वाफ्यात हिरवं काही दिसलं. साहेबांनी बाईंना हाक मारली. बाईंनी वाकून पाहिलं.

"तण आहे," म्हणाल्या.

साहेब आत जाऊन शब्दकोश उघडून बसल्याचं शिपायाने पाहिलं. शब्दाला दोन्ही अर्थ होते: दरवर्षी येणारं आणि एका वर्षात संपणारं. झारी मुकाट्याने पुन्हा बाईंकडे आली.

त्याच महिन्यात वरून नवी पत्रं आली. ज्याला हवा त्याला वाढीव पगार, फक्त खाली सही करायची. पत्रं वाटायला साहेबच. बाईंनी पत्र डोळ्यांजवळ धरलं आणि एका ओळीवर मातीचं बोट ठेवलं.

"यात तो आहे."

"हो, ॲन्युअल कॉन्ट्रॅक्ट. इथे मात्र दरवर्षी, बाई. आपोआप वाढतं. मी स्वतः सही केलीय."

"माझं जुनं पत्र कायमचं आहे, तेच बरं आहे. मी सही करत नाही."

तीन वेळा बोलावणं झालं, दोन वेळा दम दिला गेला. नवरा म्हणाला, "अगं, पगार वाढतोय, का अडून बसतेस?" बाई हलल्या नाहीत. घरात चार दिवस अबोला होता आणि त्या चार दिवसांत नवऱ्याला भाजीत मीठ मिळालं नाही.

वर्ष भरलं. सही करणाऱ्या नऊजणांना आभाराची पत्रं मिळाली. त्यांत इस्त्रीसाहेब पहिले. ते तावातावाने वर गेले आणि पाच मिनिटांत खाली आले. वरच्यांनी एवढंच म्हटलं होतं, "वर्षाचाच करार होता ना?"

संध्याकाळी ते दोन खोकी कवटाळून पायरीवर उभे होते. शिपाई नेमका गायब. आता ते साहेब नव्हते, मग त्याला तरी काय घाई? खुरपीबाई ढकलगाडी घेऊन आल्या, खत झटकलं आणि खोकी त्यात ठेवली.

"बाई, तेव्हा मला नीट का नाही समजावलंत?"

जिभेवर तीन उत्तरं तयार होती, तिन्ही धारदार. पण त्यांनी माणसाकडे पाहिलं. शर्ट पाठीवर चुरगळला होता आणि त्याचा पत्ता साहेबांना नव्हता.

"मला तरी कुठे कळलं होतं, साहेब? मी नुसती घाबरले होते," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं, आणि चोवीस वर्षांत आपण घाबरतो हे त्यांनी कोणापाशी कबूल केलं नव्हतं.

दोघं फाटकापर्यंत चालत गेली. रिक्षा मिळेपर्यंत बाई थांबल्या.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खो खो हसला. "एम.ए.! आणि तू..."

"हसायला काय झालं?" खुरपीबाई कडाडल्या. "माणसाची नोकरी गेलीय."

त्या रात्री पुन्हा भाजीत मीठ नव्हतं.