कापसात गेलेला अर्ज

माझे दीर सहदेवभाऊजी बी.ए. झाले, तरी त्यांची एक खोड गेली नाही. कुणाच्याही घरी गेले की पाणी प्यायच्या आधी भिंतीला वीत लावायचे. "या घराले उजेड पाठीमागून पायजे होता," असं त्या घरच्याच लोकांना सांगायचे. म्हणून त्यांना जेवायला कुणी थांबवत नसे.

स्वराज्याच्या आदल्या साली त्यांनी मुंबईच्या एका शाळेत अर्ज करायचं ठरवलं. घरांचे नकाशे काढायची मोठी विद्या तिथे शिकवत. अर्जासोबत एक पान इंग्रजीत लिहून मागितलं होतं, शिकून पुढे काय करणार म्हणून. त्या एका पानाला भाऊजींनी आठ दिवस घेतले. मला मराठीत सांगितलं, तर त्यात सगळे राजवाडे, मनोरे अन् घुमट. मी दुसरी शिकलेली. मला वाटलं, यांना शाळेत घेणार नाहीत, थेट गादीवरच बसवतील.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरजवळ. डाकवाला हप्त्यातून एकदाच यायचा, मंगळवारी. त्या मंगळवारी पान गेलं नाही तर अर्जाची तारीख टळत होती, आणि मामंजींनी बजावलं होतं, "यंदा नाही झालं तं नांगर धरजो."

दिवस वेचणीचे. आमच्याकडे कापूस विकेपर्यंत घरातच भरतात. ओसरी भरली, माजघर भरलं, माणसं चुलीपाशी आली. माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते आणि आमच्या खोलीत कापूस झोपत होता. भाऊजी त्याच ढिगावर, पार आढ्याखाली, झरोक्याच्या उजेडात बसून लिहायचे. त्या मंगळवारी पान तिथेच ठेवून ते जेवायला उतरले, आणि तेवढ्यात मामंजींनी वेचणाऱ्या बायांकडून सहा गाठोडी वर रिचवून घेतली.

भाऊजींची बोंब ऐकून सगळे धावले. डाकवाला भगवंत चहा पीत बसला होता, तोही पिशवी ठेवून कापसात उतरला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कमरेपर्यंत रुतल्या. "मले काढा रे आधी, कागद मंग काढजा!" मामंजींचं वेगळंच, "हळू! कापूस मयला होईन!" हरवलेला अडकित्ता सापडला, वाटी सापडली, मांजरीची दोन पिल्लं सापडली. पान नाही.

"मले निघा लागते, सहदेवभाऊ," भगवंत शिंकत म्हणाला. "चांदूर रेल्वेची गाडी माह्यासाठी थांबत नाही."

मी पदराआडून म्हटलं, "भाऊजी, दुसरं लिहा."

"एक घुमट आठवून नाही राह्यला, वयनी!"

"घुमट जाऊ द्या. शिकून काय करान?"

मिशीला कापूस, डोळे लाल. भाऊजी कडाडले, "कापसाले वेगळी खोली बांधीन! माणसाची माणसाले, कापसाची कापसाले!"

मग मामंजीच म्हणाले, "वरून दार ठेवजो. बैलबंडीतून कापूस सरळ आत ओतता आला पायजे."

"अन् चुलीपासून दूर," आत्याबाई ढिगातूनच.

"अन् वझं घेऊन चढाच्या पायऱ्या ठेंगण्या कर, बापा," वेचणारी जमुना म्हणाली.

भाऊजी पाटावर कागद ठेवून लिहीत सुटले. मीही भान सोडून बोलून गेले, "नव्या सुनेले एक खोली पायजे. बारा महिने!" आमचे मालक खुशालराव मांजरीचं पिल्लू घेऊन भिंतीकडे वळले. कान लाल! मामंजी इतके हसले की ढीग हलला आणि आत्याबाई अजून थोड्या आत गेल्या.

सगळं इंग्रजीत उतरलं, कडेला खोलीचं चित्र निघालं, आणि भगवंत पाकीट घेऊन पळाला.

दीड महिन्याने त्यानेच पत्र आणलं, पांदणीच्या वाटेपासून ओरडत. भाऊजींना शाळेत घेतलं होतं! पुढे भाऊजींनी अकोल्यात राहून कितीतरी घरं बांधली, घुमट एकालाही नाही. पण पत्र आलं त्या दिवसाची मजा वेगळीच. आत्याबाईंनी पत्र उलटं धरून विचारलं, "त्या मुंबईच्या मास्तराच्या घरी कापूस भरते का रे?"

"नाही वं माय."

"मंग त्याले समजलं कसं?"

"मीनं समजावलं ना!" म्हणत भाऊजींनी त्यांना उचललं आणि अंगणात गरगर फिरवलं.

"ठेव रे खाली! मुंबईले जाता जाता मले देवाघरी पाठोतं काय!"