आबांचा आकडा, माझ्या बोटात

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं मेडिकल आहे. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर वाचून हसतो. दुकानाला लिंबू-मिरची बांधत नाही म्हणून शेजारचा झेरॉक्सवाला अजून मला ऐकवतो. गोळी, पट्टी, रिपोर्ट, एवढंच मानणारा माणूस मी. त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण बायको म्हणाली, लिहून टाका एकदाचं.

माझे वडील, आबा, होटगीच्या पुढं आमच्या वस्तीवर राहायचे. थोडी मेंढरं, दोन शेळ्या आणि शेजारच्या घरात माझा चुलतभाऊ सिद्राम. आई गेल्यावर त्यांना सोलापुरात या म्हणून किती विनवलं. "मेंढरं काय तुज्या तिसऱ्या मजल्यावर बांदू व्हय?" हे उत्तर ठरलेलं.

मग आबांना शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी उपाशीपोटी घरीच तपासत जा. मी दिवसभर तीच मशीनं विकतो, एक उचलून नेऊन दिलं. सिद्रामलाही शिकवलं. पण पायात बाभळीचा काटा मोडला तरी हूं की चूं न करणारा माझा बाप त्या एवढ्याशा सुईला घाबरला. हात मागं घेऊन बसला. शेवटी म्हणाला, "तू आदी टोच. मग मी."

झालं... तेव्हापासून आमचा रोजचा नेम. सकाळी साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून व्हिडिओ कॉल लावायचा. आधी मी टोचायचं, मग आबांनी. मला शुगर नाही, माझा आकडा नव्वदच्या घरात. आबांचा दोनशेच्या आसपास. "तुज्यापरीस मलाच मार्कं जास्त की रं!" रोज तोच विनोद. मी वैतागायचो, पण हसायचोही.

मागच्या वर्षी, थंडी सरता सरता, एक दिवस आबांनी फोन उचलला नाही. रिंग जात राहिली. मेंढरांकडं गेले असतील म्हणून मी सवयीनं बोट टोचलं आणि पट्टी लावली.

एक्केचाळीस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एवढ्या कमी शुगरला माणसाला घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्ध जाऊ शकते. आणि मी तर चहाचं पातेलं हातात धरून ठणठणीत उभा होतो. हात धुऊन, कोरडे करून पुन्हा पाहिलं. अडतीस. विकायला आणलेलं नवं मशीन पिशवीत होतं, त्याचं सील फोडलं, नव्या डबीतली पट्टी घेतली. एकोणचाळीस. त्याच मशीनवर बायकोचं पाहिलं तर एकशे एक, अगदी व्यवस्थित.

बायको म्हणाली, "अहो, आबांना लावा बघू पुन्हा."

पुन्हा नुसती रिंग. मग सिद्रामला लावला. तो म्हणाला, "आत्ता तर मेंढरांच्या वाड्यात व्हते की. मेंढी व्यायला अडलीय, पहाटंपास्नं तितंच हायती." मी म्हटलं, जा, पळ, बघ. फोन चालूच ठेवायला सांगितला.

आधी त्याचा धापा टाकल्याचा आवाज आला. मग, "आबा... ओ आबा..." मग मला म्हणाला, "दादा, घामानं चिंब झाल्यात. कायबी बरळाय लागल्यात रं." सकाळची शुगरची गोळी घेतली होती, पण मेंढीच्या नादात भाकरी तशीच राहिली होती. मी ओरडलो, साखर आण, हिरडीला चोळ. सिद्रामची बायको साखर आणि आबांचं मशीन घेऊन धावली. ती चोळत असतानाच सिद्रामनं त्यांचं बोट टोचलं.

"किती?" मी विचारलं.

"एकोनचाळीस दावतंय."

मी ओट्यावरचं नवं मशीन उचलून मागचे आकडे बघितले. बायकोच्या एकशे एकच्या आधी तोच आकडा होता.

आबा वाचले. थोड्या वेळानं शुद्धीवर येऊन गुळाचं पाणी प्यायले, आधी मेंढीची चौकशी केली आणि मग माझी. मी पुन्हा टोचून बघितलं तर पंच्याण्णव. मशीन बिघडलं म्हणावं, तर दोन्ही एकदम कशी बिघडतील? आणि बायकोचा आकडा बरोबर कसा? कंपनीच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला पट्टी दमट असेल. आमच्या डॉक्टरांनी माझ्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळ्या नॉर्मल.

आबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी तुज्या बोटात मी हाय म्हनायचं." त्या दिवशी मार्कांचा विनोद केला नाही त्यांनी.

यंदा दिवाळीनंतर आबा गेले. झोपेतच, हार्ट अटॅकनं. त्या सकाळीसुद्धा मी नेहमीसारखा साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवला. मेंढीच्या त्या दिवसापासून मी कॉलच्या आधीच बोट टोचायचो, तसंच टोचलं. चौऱ्याण्णव. छान म्हटलं आणि कॉल लावला. फोन सिद्रामनं उचलला.

बायको समजावते की ते हृदयाचं दुखणं, शुगरच्या मशीनला काय कळणार. बरोबर आहे तिचं, मेडिकलवाल्यानं हे स्वतःच म्हणायला हवं. पण मला राग येतो. त्या दिवशी कळलं, मग या दिवशी का नाही? पहिल्याचं उत्तर मिळालं नाही तरी चालेल मला. या दुसऱ्याचं कुणीतरी द्यावं.

शुगर नसताना मी अजूनही रोज सकाळी बोट टोचतो. ब्याण्णव, सत्त्याण्णव, जे काय येईल ते मोठ्यानं म्हणतो. मग डब्याला टेकवलेल्या मोबाईलकडं बघत थोडा वेळ थांबतो. आता आबांची पाळी असते.