वेशीवरचे बैल
ऑइलपेंटचा वास आला की आमच्या गावची दगडी वेस आठवते. नवं राज्य झालं त्या वर्षी नगरपालिकेने ती जपायचा ठराव केला, म्हणजे गुलाबी रंगवली आणि कमानीत स्वागताची लोखंडी पाटी ठोकली. पाटीवर गावाची ओळख म्हणून पोळ्याची सजलेली बैलजोडी काढली. पोळ्याला वेशीतून निघालेल्या पहिल्याच जोडीची बाशिंगं त्या पाटीत अडकली. “सायेब, आता बैलाईची शिंगं कापू काय?” म्हाताऱ्या मानकऱ्याने विचारलं. नगराध्यक्ष रुमालाने पाटी पुसत म्हणाले, “बैल इकडून काऊन आनता बुवा? रंग खरवडून राह्यला ना!” तेव्हापासून पोळा वेशीबाहेरून जातो. पाटीवरचे बैल मात्र परवाच पुन्हा रंगवलेले दिसले. नगरपालिकेला असेच बैल हवे होते, जागचे न हलणारे.