उजव्या बाजूचं वल्हं

चौधरी सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे आणि अकरा वर्षं त्यांनी खडूला हात लावला नाही. फळ्यावर लिहायला ते मुलांनाच उठवायचे. नव्या मुलांना वाटे, सरांना खडूची ॲलर्जी आहे. कुणी विचारलंच तर म्हणत, "एका मानसाची वाट पाहतोय. तो आला की धरीन."

तो माणूस मला माहीत होता, कारण सरांनी खडू खाली ठेवला तेव्हा मी त्याच वर्गात, आठवीत होते. धड्यात 'स्टारबोर्ड' हा शब्द आला होता. सर म्हणाले, "जहाजाची उजवी बाजू. ताऱ्याशी काही संबंध नाय. पूर्वी सुकाणू म्हणजे एक मोठं वल्हंच होतं. मानसं बहुतेक उजव्या हाताची, म्हनून ते उजवीकडे बांधत. स्टीअर म्हणजे वळवनं, बोर्ड म्हणजे जहाजाची बाजू."

मागच्या बाकावर तपासणीला आलेले हिंदीभाषक साहेब बसले होते. ते उठले. "मास्टरजी, गलत मत पढ़ाओ. तारे देखकर जहाज चलाते थे, इसलिए स्टार." सरांनी डिक्शनरी पुढे केली, ती साहेबांनी उघडलीसुद्धा नाही. उलट सरांना फळ्यावर लिहायला लावलं : 'मैंने गलत पढ़ाया.' दारातून हेडमास्तर डोळ्यांनी विनवत होते. सरांनी लिहिलं. सगळा वर्ग हसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. ते हसू मला आजही छळतं.

सरांचं घर बहादरपूरचं, केळीवाल्यांचं. "केळ कापली तरी बुडातून पील फुटतं, नवा कोंब येतो," ते म्हणत, "राग बी तसाच." दरवर्षी ते आठवीच्या मुलांना तापीवर राजघाटाला नेत. किसन नावाड्याच्या नावेला मागे उजवीकडे वल्हं बांधलेलं असे. सर विचारत, "किसन, वल्हं याच बाजूला का रे?" किसन दरवर्षी तेच सांगे, "ज्या हातानं जेवतो त्याच हातानं नाव वळवतो, सर." सर मुलांकडे वळत. "ऐकलं ना? ध्यानात ठेवा. तुमी माझे साक्षीदार."

सरांचं नोकरीचं शेवटचं वर्ष आलं तोवर मीही त्याच शाळेत शिकवू लागले होते. स्नेहसंमेलनाला पाहुणा कोण, यावर बैठक बसली तेव्हा सरांनीच त्या निवृत्त साहेबांचं नाव सुचवलं. सगळ्यांना सरांच्या मोठ्या मनाचं कौतुक वाटलं. मला नाही वाटलं. मला आनंद झाला.

कार्यक्रमानंतर मुलं आपापल्या वर्गात परतली, तेव्हा सर साहेबांना थेट आठवीच्या वर्गात, माझ्या देखत घेऊन आले आणि त्यांच्यापुढे डिक्शनरी उघडली. साहेबांनी चष्मा पुसून सावकाश वाचलं. "अच्छा, सही है. पर भाई, मुझे तो कुछ याद नहीं. इतने स्कूल देखे!" सरांनी खडू पुढे केला. साहेबांनी हसत हसत लिहून टाकलं, 'मैंने गलत कहा था', हात झटकले आणि चहा प्यायला ऑफिसात गेले.

सर बाकावर बसले. "त्याला यादच नाय ग पोरी," एवढंच म्हणाले. अकरा वर्षं ते एकटेच जळत होते.

माझं डोकं भडकलं. मी शेजारचे दोन वर्ग तिथे आणून बसवले आणि ती ओळ कुणी लिहिली, का लिहिली, सगळं सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. पोरं खदखदून हसली. नेमके तेव्हाच साहेब कप घेऊन दारात आले. आधी तेही हसले. मग त्यांच्या लक्षात आलं. कान लाल झाले.

"बस हो गया, मिटा दो अब. डस्टर कहाँ है?"

डस्टर माझ्या हातात होतं, पाठीमागे. सरांनी ते पाहिलं.

"मालूम नाय साहेब," ते उठत म्हणाले. "अकरा वर्षं झाली, मी धरलंच नाय."

साहेब गेले. मला त्यांची दया आली नाही, अजूनही येत नाही. सरांनी खडू उचलला, त्या ओळीखाली तारीख घातली आणि धडा सुरू केला.