ताऱ्यांची परीक्षा, वरणाला

माझ्या हातच्या अळणी वरणाला आकाशातले तारे जबाबदार आहेत.

गोष्ट आणीबाणीच्या आधीची. आमचे हे जाफराबादला शाळेत विज्ञान शिकवायचे. (शाळा सुटली की घरी मला!) एका संध्याकाळी त्यांनी पंपाच्या स्टोव्हच्या निळ्या जाळावर चिमूटभर मीठ टाकलं. जाळ भक्कन पिवळा!

"बघितलंस? मिठाचा पिवळा. असा ज्याचा त्याचा आपापला रंग. ताऱ्याचा उजेड तिकोनी काचेतून काढला, त्यातल्या रेघा बघितल्या, की इथं बसून कळतं त्यात काय काय हाय."

"न चाखता?"

"ताऱ्याला कोण चाखणार, बाई!"

हे मी बराबर ध्यानात ठेवलं. तिथंच घात झाला.

पुढच्याच महिन्यात माझ्या नणंदेला, कमलला, बघायला वाटूरचे पाहुणे आले. स्वयंपाक मी केला. सांगायचं मात्र कमलनं केला. (तेव्हा घरोघर असंच सांगायचे.) सासूबाई नैवेद्याचं ताट मागायला लागल्या आणि मला काही केल्या आठवेना. वरणात मीठ टाकलं का?

"चाखा ना, वहिनी!"

"नैवेद्याआधी? आई मला माहेरी धाडतील!"

मंग मला तारे आठवले. वरणाचा थेंब जाळावर टाकला. पिवळा! म्हणजे मीठ आहे. भाजी? पिवळी! मला असा काही जोर चढला, की खीरही बघितली.

तीही पिवळी!

"अगं बाई, खिरीत मीठ पडलं!"

"मोडलं माझं लग्न!" कमल रडायलाच लागली.

मी खिरीत गुळाचा खडा ढकलला. पुन्हा थेंब टाकला. पिवळाच! आणखी गूळ! शेवटी पळी खिरीत आपोआप उभी राहिली, तेव्हा थांबले.

पंगत बसली. पाहुण्यांच्या ताटातलं मीठ पहिल्या दोन घासांत संपलं. मुलाची आई म्हणाली, "आमच्यात कोणी आजारी न्हाई, बाई, असलं अळणी खायला." मुलाच्या वडिलांनी खिरीचा घास घेतला, त्यांना बोलायचं होतं, पण जबडा उघडेना!

"सैपाक कुणी केला?" मुलाच्या आईनं विचारलं.

सासूबाईंनी कमलकडं बघून डोळे वटारले. पण कमलला धीर धरवेना.

"वहिनीनं! तारे बघून!"

मला सगळं सांगावं लागलं. ह्यांनी भर पंगतीत कपाळावर हात मारला. "अगं, आपल्या आडाचं पाणी मचूळ! पाण्यातच मीठ! नुसतं पाणी शिंपडलं असतंस तरी जाळ पिवळाच झाला असता!"

मुलाची आई हसून हसून पदरानं डोळे पुसायला लागली. "म्हंजी पोरीनं ह्यातलं कायीच केलं न्हाई?"

"बिलकुल न्हाई!" कमल ओरडली.

"मंग पोरगी पसंत हाय!"

आज कमलला नातवंडं आहेत. वाटूरला गेले की अजूनही सगळ्यांच्या ताटात डाव्या हाताला मीठ वाढतात.

माझ्या ताटात काडेपेटी!