दहा वाजू देत

आटपाडीत माझ्या वडिलांचा दवाखाना आहे. अण्णांना दारू लागली ती कोरोनात. बाकीच्या डॉक्टरांनी शटर ओढली, यांचा एकट्याचा दवाखाना उघडा. दिवसभर माणसं जाताना बघायची आणि रात्री पडवीत एकट्यानं जेवायचं. साथ गेली की सुटेल, असं आम्ही म्हणायचो. डोंबल सुटतंय.

आता आई सकाळी स्टीलच्या पेल्यात देते, वर ताटली झाकून. पोटात गेल्याशिवाय त्यांच्या हाताचं थरथरणं थांबत नाही. मी सांगलीत नर्स आहे, मला हे कळत नाही असं नाही. तरी कुणी विचारलंच तर ठणकावून सांगते, शुगर आहे त्यांना. गावाला काही पत्ता नाही, अशी आमची समजूत.

यंदा दिवाळीत माझी लेक सकाळीच ओट्यावरून पडली आणि हनुवटी फाटली. तिला उचलून मी दवाखान्यात धावले. बाहेर बाकावर पेशंट बसलेले, आत अण्णा रिकामे, तरी कुणी उठेना. मी दाराशी पोचले तसा एका म्हातारीनं माझा दंड धरला.

"आगं बाय, दहा वाजू देत. त्यांचा हात आजून थिरावला न्हाई."

"आमी बी त्यासाठीच थांबलोय," शेजारचा म्हणाला. "लय चांगला डॉक्टर हाय, खरं दहाच्या म्होरं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडले तरी असते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ताप अंगावर काढत ही माणसं माझ्या बापाची लाज राखत बसली होती.

अण्णांनी सगळं ऐकलं होतं. लेकीला टेबलावर निजवून त्यांनी हातमोजे घातले, सुई उचलली आणि परत ट्रेमध्ये ठेवली.

"तूच घाल टाके," म्हणाले.

कॅज्युअल्टीत मी टाके घातलेत. भूल दिली. अण्णांनी तिचं डोकं धरलं. त्यांचे तळवे तिच्या गालांवर थरथरत होते.

"आबा, भिऊ नका ना," ती म्हणाली. "मला दुखत नाहीये."

मी टाके पुरे केले.

बाहेर आलो तर तिनं बाकासमोरच विचारलं, "आई, आबांचे हात का हलतात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. "शुगर आहे त्यांना," मी म्हणाले.

म्हातारीनं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "व्हय बाळा," ती म्हणाली, "शुगरच हाय."