घर नंबर चौदा, गारखेडा

व्यंकटराव आडगावकरांनी उभ्या आयुष्यात एक ओळ निनावी लिहिली नाही. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केली. तिथं सहीशिवाय कागद हलत नसे, आणि घरीही त्यांचा तोच खाक्या. महिन्याला एक पत्र पेपरच्या संपादकांना जायचं. कधी खड्ड्यांवर, कधी बंद पथदिव्यांवर, कधी बँकेतल्या पंख्यावर. खाली ठसठशीत अक्षरात: व्यंकटराव आडगावकर, घर नंबर चौदा, गारखेडा. निनावी पत्रं टोपलीत जातील असा त्या पेपरचा दंडक होता आणि तो व्यंकटरावांना मनापासून पटलेला होता. बोलायचं ते दारावरची पाटी दाखवून बोलावं, असं ते म्हणायचे. म्हणायचे म्हणजे काय, ऐकवायचे. बायकोला, यमुनाबाईंना, ते वाक्य पाठ झालं होतं.

छापून आलेलं प्रत्येक पत्र कापून जपणारा जगात एकच माणूस होता: कडुबा दाभाडे. त्याच खात्यात कालवा निरीक्षक, मूळचा सिल्लोडकडचा. निवृत्तीनंतर त्यानं पैठण रस्त्याला, बिडकीनच्या अलीकडं, एका नव्या वस्तीत दोन खोल्या बांधल्या होत्या. व्यंकटराव त्याला अरेतुरे करायचे, तो त्यांना ‘राव’ आणि ‘तुमी’ म्हणायचा. तीस वर्षांत हे बदललं नाही आणि व्यंकटरावांना त्यात कधी काही खटकलंही नाही. मैत्री मात्र खरी होती. व्यंकटरावांच्या बायपासच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर चार रात्री कडुबाच बसला होता.

मग पेपर इंटरनेटवर आला. प्रत्येक बातमीखाली ‘प्रतिक्रिया’ नावाची चौकट आली आणि छापील पत्रांचं सदर आक्रसत आक्रसत एक दिवस गायबच झालं. मुलगा हिमांशू पुण्याहून दिवाळीला आला, जुना लॅपटॉप ठेवून गेला. व्यंकटराव दोन बोटांनी टाइप करायला शिकले. चौकटीत नावाचा रकाना होता, त्यात कुणीही काहीही लिहावं. लोक ‘वाघ’, ‘सत्यवचनी’, ‘कडवा देशप्रेमी’ असली नावं घेऊन एकमेकांच्या आया-बहिणी काढत होते. व्यंकटरावांनी तिथंही पूर्ण नाव आणि घर नंबर घातला. भल्या माणसानं आपल्या घराची किल्ली स्वतःच्या हातानं चौकात टांगली, दुसरं काय म्हणायचं!

तो उन्हाळा दोन हजार सोळाचा. पैठणचं धरण, नाथसागर, मृतसाठ्यावर आलेलं. गारखेड्यात नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी तासभर पाणी, आणि कडुबाच्या वस्तीत तर नळच नव्हता. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा, तोही मार्चपासून बंद झाला. शहर मात्र वाढतच होतं. बायपास रस्त्याला सात-सात मजले उठत होते आणि त्यांच्या सिमेंटला पाणी कमी पडत नव्हतं. कडुबाची खात्यातली सवय सुटलेली नव्हती. त्यानं वहीत टँकरचा नंबर, तारीख, वेळ, कुठून वळला, कुठं रिकामा झाला, सगळं टिपलं आणि वही घेऊन तो गारखेड्यात आला.

“राव, येवढं लिवा. आमच्या नावाचा टँकर पुंडलिकभाऊच्या बिल्डिंगीत जातोय. म्या डोळ्यानं बघितला.”

पुंडलिकभाऊ म्हणजे वॉर्डातलं उगवतं नेतृत्व. पुढच्या निवडणुकीची तयारी फ्लेक्सवर कधीच सुरू झाली होती.

पाणीटंचाईच्या बातमीखाली व्यंकटरावांनी सगळं लिहिलं. नंबर, तारखा, इमारत, भाऊंचं नावसुद्धा. खाली सही आणि पत्ता.

पहिल्या दिवशी थट्टा झाली. ‘आजोबा, माळ ओढा.’ ‘किती घेतले लिहायचे?’ दुसऱ्या दिवशी शिव्या आल्या. व्यंकटरावांनी एकेकाला सविस्तर, मुद्देसूद उत्तर दिलं, ‘आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभारी आहे’ इथपासून. तिसऱ्या दिवशी कुणा ‘वाघा’नं लिहिलं: ‘चौदा नंबर म्हणजे पिवळं गेट ना, काका?’ त्याखाली दुसऱ्यानं: ‘हो, तेच. काकूंनी आज जांभळी साडी वाळत घातली आहे.’

व्यंकटराव उठले आणि गच्चीत गेले. साडी जांभळीच होती. समोर लिंबाखाली एक मोटारसायकल उभी होती, वर दोन पोरं. त्यांनी व्यंकटरावांकडे पाहून नमस्कार केला, अगदी वाकून.

“काही लिहू नका हो आता,” यमुनाबाई म्हणाल्या. “तुमचं नाव मोठं राहील, पण मला एकटीला भाजीला जायची भीती वाटते.”

मग दोन दिवस शांतता. एकही शिवी नाही. व्यंकटरावांना वाटलं, मुद्द्यांनी काम केलं. माणूस किती भाबडा असावा!

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच बातमीखाली नवी प्रतिक्रिया आली. ‘माझ्याकडून चूक झाली. पुंडलिकभाऊंवर केलेला आरोप मी मागे घेतो. मला चुकीची माहिती देण्यात आली. सवलतींवर पोसलेल्या त्या वस्तीला टँकर कशाला? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कर भरला त्यांच्या घरी आधी पाणी द्या. आपला नम्र, व्यंकटराव आडगावकर, घर नंबर चौदा, गारखेडा.’

व्यंकटरावांनी ते पुन्हा वाचलं. भाषासुद्धा त्यांचीच होती. ‘आपला नम्र’ही त्यांचंच. दोन बोटांनी त्यांनी टाइप केलं: ‘वरील मजकूर माझा नाही. माझ्या नावाचा गैरवापर होत आहे.’ सही, पत्ता. पाच मिनिटांत खाली उत्तर आलं: ‘वरील मजकूर माझा नाही. माझ्या नावाचा गैरवापर होत आहे. सावध राहा.’ सही, पत्ता. तेच नाव, तोच घर नंबर. कोणता व्यंकटराव खरा, हे आता खुद्द व्यंकटरावांनाही पडद्यावर सिद्ध करता येईना.

त्यांनी कागद घेतला. शाईच्या पेनानं खुलासा लिहिला, खाली सही केली. उद्या सकाळी पेपरच्या कचेरीत स्वतः जाऊन द्यायचा आणि तिथून तडक कडुबाकडं. कागदाची घडी सदऱ्याच्या खिशात घातली.

सकाळी साडेआठला दारात टँकर उभा होता. मागोमाग पुंडलिकभाऊ, चार कार्यकर्ते, शाल, नारळ, आणि फोटोवाला. कार्यकर्त्यांत ती मोटारसायकलवाली दोन पोरंही होती.

“काका, मन मोठं लागतं चूक कबूल करायला,” भाऊ म्हणाले. “सगळ्या शहरानं वाचलं. म्हटलं, अशा माणसाची गल्ली कोरडी ऱ्हायला नको.”

“मी ते लिहिलेलं नाही,” व्यंकटराव म्हणाले.

भाऊ हसले. “नाव तुमचं, पत्ता तुमचा. अजून काय पायजे?” मग आवाज उतरवून, व्यंकटरावांच्या खांद्यावर शाल घालत: “रोज येईल टँकर. तुमी फक्त परत काय लिवू नका.”

व्यंकटरावांनी मागं पाहिलं. सगळी गल्ली हंडे, बादल्या, पिंपं घेऊन बाहेर आली होती. सहा दिवस नळ आला नव्हता. चार घरं सोडून राहणाऱ्या आशाबाई दोन्ही हात जोडून म्हणाल्या, “तुमच्यामुळं झालं हो, व्यंकटराव.” यमुनाबाईंनी तर नळी हौदात सोडलीही होती. हौदात पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला. खिशातला कागद छातीला टोचत होता. फोटोवाला म्हणाला, “काका, इकडं बघा.”

त्यांनी तिकडं बघितलं.

त्या दिवशी कचेरीत जायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी टँकर आला, पाणी भरण्यात सकाळ गेली. तिसऱ्या दिवशी ऊन फार होतं. कारणं शोधायला व्यंकटरावांना फार लांब जावं लागलं नाही. दरम्यान शालीचा फोटो पेपरच्या साइटवर झळकला आणि त्याखाली व्यंकटराव आडगावकर नावानं रोज एक प्रतिक्रिया येत राहिली, प्रत्येक आदल्या दिवशीपेक्षा विषारी. मोटारसायकल आता गेटसमोरच उभी राहायची. यमुनाबाई पोरांना सरबत द्यायच्या. भीतीपोटी देत होत्या की कृतज्ञतेनं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नवव्या दिवशी मात्र राहवेना. तोच कागद खिशात घालून ते शहर बसनं निघाले आणि वस्तीच्या फाट्यावर उतरले. रस्त्याच्या कडेला निळ्या पिंपांची रांग होती, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात मालकाचं नाव: खरात, साळवे, दाभाडे. टँकरवाल्यानं घोळ करू नये म्हणून. सगळी पिंपं कोरडी, तळाशी धूळ. बाया नुसत्या बघत होत्या. एकीनंही ‘कोण पायजे’ विचारलं नाही. त्यांनी फोटो पाहिलेला असणार.

कडुबा दारातच बसला होता. त्याची बायको सत्यभामा आतून आली, अर्धाच तांब्या पाणी त्यांच्यापुढं ठेवून गेली. व्यंकटराव ओट्यावर टेकले, पण त्यांनी तांब्याला हात लावला नाही.

“कडुबा, ते मी लिहिलेलं नाही. शपथ घेऊन सांगतो.”

“मला ठावं हाय,” कडुबा म्हणाला. त्यानं मागच्या फळीवरून एक जाड फाइल काढली. पिवळी पडलेली कात्रणं, वर्षानुसार लावलेली. “तीस वर्षं वाचतोय तुमाला. माणसाबद्दल असलं तुमी लिवणार नाय. पोरगी निशा म्हणली, बाबा, त्यांचंच नाव हाय. म्या म्हणलं, नाव काय, कुणीबी लिवतं.”

केवढं मोठं ओझं उतरलं! व्यंकटरावांनी खिशाकडं हात नेला. “हा बघ, खुलासा लिहून ठेवलाय मी. पहिल्याच दिवशी.”

“दिला का नेऊन?”

व्यंकटरावांचा हात खिशावरच राहिला.

कडुबानं फाइल बंद केली, दोरी बांधली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

“राव, येक विचारू? त्यो टँकर तुमच्या दारात येतोय, आमचाच. नंबर बघितला म्या फोटूत. त्याचं पाणी भरता का तुमी?”

बाहेर कुणाचं तरी मूल पिंपावर काठी वाजवत होतं. व्यंकटरावांनी मान खाली घातली.

“मंग कागद ऱ्हाऊ द्या,” कडुबा शांतपणे म्हणाला. “पाणी भरलं तवाच सही झाली तुमची.”

तो उठून आत गेला. व्यंकटराव बराच वेळ फाइल धरून ओट्यावर बसले. मग बसची वेळ झाली.